दगडाच्या पोटातले तळे

रंकाळ्याच्या कट्ट्यावर संध्याकाळी घटकाभर टेकणे हा कोल्हापूरच्या माणसाचा जुना रिवाज आहे. समोर पाणी असते, पलीकडे शालिनी पॅलेस असतो, आणि हे पाणी असेच राहायचे अशी मनाची एक समजूत असते. मग एखाद्या वर्षी त्या पाण्यावर हिरवी साय धरते, जलपर्णी पसरते, मेलेले मासे काठाला लागतात, आणि आपण हळहळतो. गाळ काढा, जलपर्णी ओढा, कट्टा नीट करा अशा मागण्या होतात. त्या रास्तच आहेत. परंतु तळ्याचे दुखणे बहुधा तळ्यात नसते. ज्या उतारावरून पाणी येते, ज्या नाल्यातून ते वाहते, ज्या माळावर ते मुरते, तेथे ते असते. तळ्याच्या काठावर हजारो माणसे फिरावयास येतात. तळ्याच्या पाणलोटात फिरावयास कोणी जात नाही.

हा साधा विचार आपल्या दक्षिणेकडील शेजाऱ्यांनी, म्हणजे गोमंतकीयांनी, गेल्या काही वर्षांत फार कष्टाने अनुभवला आहे. पेडणे तालुक्यातील मोपा ह्या गावाचे नाव आज विमानतळामुळे सर्वांना ठाऊक झाले आहे. कोल्हापूरचे पुष्कळ प्रवासी आजरा-आंबोलीवरून सावंतवाडी, बांदा करीत तेथे पोहोचतात आणि विमानात बसतात. ज्या जमिनीवरून ते उडतात, तिच्याखालच्या पाण्याची हकीकत मात्र फारच थोड्यांच्या कानी आली असेल. ती सांगण्यासारखी आहे. तिच्यात काही संस्थांनी केलेली दीर्घ झुंज आहे, न्यायालयाचे दोन निकाल आहेत, आणि आपणा सर्वांना लागू पडणारा एक धडाही आहे.

सडा आणि झर

पत्रादेवीचे नाव कोल्हापूरकरांना नवे नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर गोळीबार झाला तो ह्याच सीमेवर. हा पेडणे महाल पूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता. १७८८ साली तो पोर्तुगीजांच्या हाती गेला. नव्या काबिजादींपैकी हा एक. भाषा, दशावतार, देवळे, जत्रा ह्या सर्व बाबतींत पेडणे आणि सावंतवाडी हा एकच मुलूख आहे, आणि पाण्याच्या बाबतीतही तो एकच आहे. सरकारी सीमा मधून गेली, म्हणून ओहोळांनी आपली वाट बदलली नाही.

मोपा, वारखंड, नागझर, उगवे, कासारवर्णे, चांदेल ही गावे एका पठाराच्या अंगाखांद्यावर वसली आहेत. त्या पठाराला तिकडचे लोक 'सडा' म्हणतात. सडा पाहिला तर उन्हाळ्यात अगदी ओसाड दिसतो. काळा-तांबडा जांभा दगड, त्यावर बोटभर माती, वाळलेले गवत, कडेला काजूची झाडे. शेती नाही, घर नाही. सरकारी दप्तरात अशा जमिनीची गणना पडीक म्हणून होते, आणि पाहुण्यालाही ती तशीच वाटते.

परंतु जांभा हा सच्छिद्र दगड आहे. त्याला नळ्यांसारखी भोके असतात, भेगा असतात. पावसाळ्यात कोकणपट्टीत जे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते, त्यातला मोठा भाग हा दगड पिऊन टाकतो. खाली गेल्यावर पाण्याला चिकणमातीचा थर आडवा येतो. तेथे ते थांबते, साठते, आणि मग आडवे सरकत सरकत सड्याच्या पायथ्याशी जेथे वाट मिळेल तेथे बाहेर पडते. तीच झर. सड्यावर पडलेला आषाढातला पाऊस पायथ्याच्या गावाला फाल्गुन-चैत्रात प्यायला मिळतो. एक एकर जमिनीवर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे एक कोटी वीस लाख लिटर पाणी होते. त्यातले सगळे मुरत नाही हे खरे. पण ज्याला आपण ओसाड माळ म्हणतो त्याचे काम केवढे आहे ह्याची कल्पना एवढ्या हिशेबावरून येईल.

ह्या झरींवर सारे गाव उभे असते. झरीच्या तोंडाशी कुंड किंवा तळी बांधलेली असते. तळीतून पाट काढलेला असतो. पाटावर कुळागर, म्हणजे सुपारी, नारळ, केळी, मिरी ह्यांची बाग. त्याखाली मळ्यात पावसाळी भात निघाल्यावर वायंगणाचे, म्हणजे उन्हाळी भाताचे पीक. 'नागझर' ह्या गावाच्या तर नावातच झर आहे. मोप्याला रंकाळ्यासारखे मोठे तळे नाही. परंतु सडा हेच तेथले तळे आहे. ते दगडाच्या पोटात आहे, एवढाच फरक. त्यामुळे त्याला कट्टा नाही, त्याच्या काठी कोणी फिरावयास येत नाही, आणि ते बुजवले तरी बुजवल्यासारखे दिसत नाही.

विमानतळाची बाजू

ह्या सड्यावर विमानतळ व्हावा असे गोव्याच्या सरकारने ठरविले, ते उगाच नव्हे. दाभोळीचा विमानतळ नौदलाच्या ताब्यातला; तेथे नागरी वाहतुकीला वेळेची आणि जागेची मर्यादा. पर्यटन वाढत चाललेले. उत्तर गोव्याला, तसेच सिंधुदुर्गालाही, जवळचे विमानतळ हवे होते. पेडणे हा मागे पडलेला तालुका. तेथील तरुण नोकरीसाठी म्हापसा-पणजीकडे जातात. त्यांना घराजवळ काम मिळेल ही आशा खोटी म्हणता येणार नाही. सपाट, उंच, वस्ती नसलेली दोन हजार एकरांहून अधिक जमीन दुसरीकडे कोठे मिळणार, हाही प्रश्न होताच. ह्या सर्व गोष्टी नाकारून मोप्याची चर्चा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

प्रश्न निराळा होता. एवढे मोठे काम करण्यापूर्वी त्या जागेवर काय आहे, ते सरकारने स्वतःशी आणि लोकांशी खरे बोलले पाहिजे, असा आपला कायदा आहे. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पकर्त्याने एक अर्ज भरावयाचा असतो. आसपास जंगल आहे काय, संवेदनशील क्षेत्र आहे काय, पाण्याचे साठे आहेत काय, झाडे तोडावी लागतील काय, हे त्यात लिहावयाचे असते. त्या उत्तरांवर पुढचा सर्व विचार उभा राहतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये मोप्याच्या प्रकल्पाला केंद्राची पर्यावरण मंजुरी मिळाली. तिच्याविरुद्ध 'फेडरेशन ऑफ रेनबो वॉरियर्स' ही गोव्यातील संस्था आणि एक नागरिक राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये जादा अटी घालून मंजुरी कायम केली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

२९ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती हेमंत गुप्ता ह्यांनी जो निकाल दिला, तो प्रत्येक ग्रामपंचायतीत वाचला जावा इतका महत्त्वाचा आहे. परिघातील राखीव जंगले आणि शेजारच्या सिंधुदुर्गातील संवेदनशील क्षेत्रे ह्यांची माहिती अर्जात यावयास हवी होती, ती आली नाही, असे न्यायालयाने दाखवून दिले. आधीच्या कागदांत झाडतोडीचा खरा आवाका कोठे दिसत नव्हता. पुढे परवानगी मागताना झाडांची संख्या निघाली ५४,६७६. न्यायालयाने मंजुरी निलंबित केली आणि तज्ज्ञ समितीला पुन्हा विचार करावयास सांगितले. काम थांबले.

समितीने पुन्हा विचार केला आणि आणखी अटी घालून प्रकल्पाची शिफारस केली. १६ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने निलंबन उठविले. अटींच्या पालनावर देखरेख करण्याचे काम 'नीरी' ह्या नागपूरच्या संस्थेकडे सोपविले. ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याला मनोहर पर्रीकरांचे नाव देण्यात आले, आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली.

मग ह्या झुंजीतून काय निघाले? संस्था हरली, असे कोणी म्हणेल. संस्थेने उगाच खर्च आणि खोळंबा केला, असेही कोणी म्हणेल. आमच्या मते दोन्ही म्हणणी अपुरी आहेत. ह्या झुंजीतून एक गोष्ट उघड झाली. जी वस्तू कागदावर नाही ती सरकारच्या लेखी अस्तित्वात नाही, आणि मोप्याच्या सड्याखालचे पाणी कागदावर कोठेच धडपणे नव्हते. जंगलाला नकाशा होता, संवेदनशील क्षेत्राला अधिसूचना होती, झाडांना निदान मोजणी होती; म्हणून न्यायालयाला त्यांच्यावर बोट ठेवता आले. कोणती झर कोठे आहे, ती किती पाणी देते, वैशाखात देते की नाही, तिच्यावर किती कुळागरे आहेत, ह्याचा सरकारमान्य लेखा नव्हता. झरींचा प्रश्न ह्या लढ्यात आरंभापासून होता, परंतु त्याच्या हाती तोलून दाखवावयास वजन नव्हते.

कागद मागणाऱ्या संस्था

गोव्यात अशा लढ्यांची परंपरा आहे. म्हापसा येथे १९८६ साली 'गोवा फाउंडेशन' ही संस्था स्थापन झाली. क्लॉड आल्वारिस हे तिचे संचालक. न्यायालयात तिची बाजू मांडणाऱ्या अॅडव्होकेट नॉर्मा आल्वारिस ह्यांना २००२ साली पद्मश्री मिळाली. ह्या संस्थेच्या कामाची रीत पाहण्यासारखी आहे. मोर्चा, घोषणा, उपोषण ह्यांपेक्षा तिचा भर कागदावर. परवाना कोणी दिला, कोणत्या तारखेला दिला, त्याची मुदत कधी संपली, अट कोणती होती, ती पाळली काय? हे प्रश्न रुक्ष आहेत. परंतु डोंगर खाली येतो तो अशाच एखाद्या रुक्ष कागदावरच्या सहीने, आणि वाचतो तोही पुष्कळदा तशाच एखाद्या कागदाने.

पेडण्याला लागून असलेल्या डिचोली महालात ह्याचा दाखला मिळतो. डिचोलीत लोखंडाच्या खाणी आहेत. उघडी खाण खोल जात जात भूजलाच्या पातळीखाली गेली, की खाणीत पाणी येते. काम चालू ठेवावयाचे तर ते उपसून बाहेर टाकावे लागते. एकीकडे आसपासच्या विहिरी आणि झरी उतरतात, दुसरीकडे गाळाचे लाल पाणी मळ्यात शिरते. म्हणजे डोंगराच्या पोटातले तळे पंपाने रिकामे करावयाचे आणि त्याचा गाळ भातात सोडावयाचा, असा हा दुहेरी घाट आहे. शिरगाव, लामगाव, मुळगाव, मये ह्या डिचोलीच्या खाणपट्ट्यातील गावांना तो नवा नाही.

गोवा फाउंडेशन सर्वोच्च न्यायालयात गेली ती कागद घेऊन. खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, आणि त्यानंतरचे खाणकाम बेकायदा होते, असे न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी ठरविले. पुढे सरकारने ८८ पट्ट्यांचे जे नूतनीकरण केले, तेही ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाले. २०१४ च्या निकालात आणखी एक कलम होते, त्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. खनिजाच्या विक्रीमूल्यातला दहा टक्के वाटा एका कायम निधीत जमा करावयाचा, पुढील पिढ्यांसाठी. खनिज ही आजच्या पिढीची कमाई नसून वडिलोपार्जित ठेव आहे, ह्या विचाराला त्या कलमाने कायद्याचे रूप दिले. हाच विचार पाण्याला लावून पाहिला तर? खनिज एकदा काढले की संपते, पाणी तर नीट राखले तर दरवर्षी पुन्हा मिळते. मग त्याचा विश्वस्तपणा अधिकच काटेकोर असावयास नको काय?

विश्वस्त कोण?

ह्या विश्वस्तपणाची एक लांबची कथा आहे, आणि ती तळ्याचीच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या पूर्वेला मोनो नावाचे खारे सरोवर आहे. लॉस एंजलिस शहराने १९४१ पासून त्या सरोवराला मिळणारे ओढे वरच्या वर वळवून शेकडो मैलांवरच्या आपल्या नळांत घेतले. चाळीस वर्षांत सरोवराची पातळी सुमारे ४५ फूट खाली गेली, क्षार दुप्पट झाला, बेटांवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांपर्यंत कोल्हे पायी जाऊ लागले. १९७८ साली काही तरुण पक्षिअभ्यासकांनी 'मोनो लेक कमिटी' स्थापन केली. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९८३ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अशा जलाशयांचे सरकार हे मालक नव्हे, विश्वस्त आहे. पाण्याचे परवाने एकदा दिले म्हणून ती जबाबदारी संपत नाही.

हा निकाल पुढे आपल्याकडे आला. हिमाचलात बियास नदीच्या काठची वनजमीन एका मोटेल कंपनीला दिली गेली होती, त्या प्रकरणात १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मोनो सरोवराच्या निकालाचा विस्ताराने आधार घेतला आणि विश्वस्तपणाचे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग म्हणून स्वीकारले. एका दूरच्या सरोवरासाठी काही विद्यार्थ्यांनी केलेल्या धडपडीचा उपयोग असा आपल्या नद्या-तळ्यांना झाला.

परंतु मोनोची गोष्ट तेथे संपत नाही. १९९४ साली तेथील जलमंडळाने सरोवराची पातळी किती असावी ह्याचा आकडा ठरवून दिला: समुद्रसपाटीपासून ६,३९२ फूट. सरोवर अजून त्या पातळीला पोहोचलेले नाही. पण आकडा आहे, म्हणून किती अंतर उरले ते दरवर्षी सांगता येते आणि शहराला जाब विचारता येतो. मोप्याच्या सड्याला असा आकडा नाही. अमुक झर वैशाखात मिनिटाला इतकी घागर भरते, असे कोणी १९९० साली लिहून ठेवले असते, तर आज ती तितकी भरते की नाही हा वादाचा विषय राहिला नसता. धावपट्टी, वाहनतळ, रस्ते, इमारती ह्यांनी जेथे दगडाचे तोंड बंद झाले, तेथे पूर्वी मुरणारे पाणी आता पृष्ठावरून धावणार, हे शास्त्र सांगते. प्रकल्पाच्या सीमेत सगळीच जमीन झाकली गेलेली नाही, हेही खरे. त्या दोहोंची बेरीज-वजाबाकी झरीच्या तोंडाशी काय येते, ते मोजल्यावाचून ठरणार नाही.

कायद्याची चाळणी

कोणी म्हणेल, पाणथळींसाठी कायदा आहे ना? आहे. २०१७ साली पाणथळींचे नियम नव्याने झाले. उपग्रहाच्या साहाय्याने केलेल्या नकाशात देशात २,०१,५०३ पाणथळी दाखविल्या आहेत आणि त्यांचे रक्षण करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आहे. गोव्यात कुडचडे येथील नंदा तळे २०२२ साली रामसरच्या जागतिक यादीत गेले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्या दोन लाखांच्या यादीत येण्यासाठी पाणथळ सव्वादोन हेक्टरांहून मोठी असावी लागते. आणि पिण्यासाठी किंवा शेतीसाठी माणसाने मुद्दाम बांधलेले तलाव, तसेच भातशेते, नियमांतून वगळली आहेत. आता मोप्याच्या पायथ्याची तळी घ्या. ती बांधलेली आहे, शेतीसाठी आहे, आणि चार गुंठ्यांचीही नाही. ती तिन्ही भोकांतून गळून पडते. कायद्याच्या चाळणीवर मोठे तळे उरते, आणि त्या तळ्याला ज्या शेकडो झरी जिवंत ठेवतात त्या खाली सांडतात.

दुसरा आक्षेप नळाचा. पेडण्यात नळ आहे, चांदेलला जलशुद्धीकरण प्रकल्प आहे, तिळारीचे पाणी आहे. मग झरीचे एवढे काय? तिळारीच्या पाण्याचे मोल कोणीही नाकारू नये. महाराष्ट्र आणि गोवा ह्यांनी एकत्र येऊन केलेल्या थोड्या कामांपैकी ते एक आहे. परंतु कालवा फुटला किंवा दुरुस्तीसाठी बंद पडला, म्हणजे सारा तालुका एकदम तहानेला येतो. झर एकेका वाडीची असते. एक आटली तरी दुसरी वाहते. शिवाय नळाने कुळागर शिंपता येत नाही आणि वायंगण पिकवता येत नाही. आणि तिळारीचे पाणी तरी कोठून येते? दोडामार्गच्या डोंगरांतूनच. ते डोंगर राखण्यासाठीही 'वनशक्ती', 'आवाज फाउंडेशन' ह्यांसारख्या संस्थांना न्यायालयात जावे लागले. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील २५ गावे संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्यास सांगितले, तेव्हा तो निकाल सिंधुदुर्गाइतकाच पेडण्याच्या नळाचाही होता.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ह्या संस्थांना कोणी निवडून दिले आहे? उद्या प्रत्येक कामाला कोणी ना कोणी अडथळा आणू लागले तर राज्य चालावयाचे कसे? ह्याचे उत्तर विश्वस्तपणाच्या तत्त्वातच आहे. विश्वस्ताला हिशेब विचारण्याचा अधिकार ज्याच्यासाठी ठेव ठेवली आहे त्या प्रत्येकाला असतो. त्यासाठी निवडणूक लढवावी लागत नाही. मार्च २०२५ मध्ये गोव्याच्या नगरनियोजन कायद्यातील १७(२) ह्या कलमाखालील नियम उच्च न्यायालयाने रद्द केले. त्या कलमाच्या आधाराने तुकड्या-तुकड्यांनी जमिनीचा वापर बदलला जात होता. अर्जदारांत गोवा फाउंडेशन होती. विमानतळ झाला म्हणजे त्याच्या भोवतालच्या जमिनीचे भाव चढतात, आणि पेडण्याच्या सड्यांवर खरी नजर आता पडू लागली आहे. एका विमानतळाने जेवढा सडा झाकला जात नाही, तेवढा हजार लहान परवानग्यांनी झाकला जाईल. ह्या गोष्टीवर पहारा कोणी द्यावयाचा?

संस्था आणि गाव

येथेच संस्थांची मर्यादा सुरू होते. म्हापशाची किंवा मुंबईची संस्था न्यायालयाच्या दारापर्यंत जाऊ शकते. प्रत्येक झरीपाशी ती बसू शकत नाही. न्यायालय थांबवू शकते, अट घालू शकते. रोज उठून पाट साफ करू शकत नाही. ते काम पूर्वी गावकरी ही गोव्याची जुनी ग्रामसंस्था करी. बांध कोणी घालावयाचा, पाटाचे पाणी कोणाला कोणत्या प्रहरी द्यावयाचे, तळीचा गाळ केव्हा काढावयाचा, हे ठरलेले असे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. तिच्यात हक्क थोड्यांचे होते आणि कष्ट पुष्कळांचे; झरीच्या कुंडावर कोणी यावे आणि कोणी येऊ नये ह्याचेही दंडक होते. ते गेले हे बरेच झाले. वाईट एवढेच, की त्यांच्याबरोबर पाण्याची राखणही गेली आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही.

जे यावयास हवे त्याची तरतूद कायद्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीत एक समिती असावी आणि तिने गावाच्या जैवसंपत्तीची नोंदवही तयार करावी, असे ठरलेले आहे. त्या नोंदवहीत झाडे-पाखरे लिहितात. तिच्यात झरी का लिहू नयेत? शाळेतील मुले, गावातील वृद्ध, कुळागराचा मालक आणि त्याच्याकडे राबणारा, ह्यांनी मिळून एका उन्हाळ्यात गावातल्या सर्व झरींची यादी करावी. नाव, जागा, कोणत्या महिन्यापर्यंत वाहते, एक घागर भरावयास किती वेळ लागतो. दरवर्षी वैशाखात तेच पुन्हा मोजावे आणि ग्रामसभेत वाचून दाखवून ठरावात नोंदवावे. ह्याला कोट्यवधींचा खर्च नाही. एक घागर, एक घड्याळ आणि एक वही पुरते. पुढे कोणी अर्जात 'पाण्याचा साठा नाही' असे लिहिले, तर संस्थेच्या वकिलाला ती वही न्यायालयापुढे ठेवता येईल. संस्थेने लढावयाचे आणि गावाने मोजावयाचे, अशी ही वाटणी आहे. मोप्याला पहिली बाजू होती, दुसरी नव्हती.

आणि हे केवळ गोमंतकाला सांगून आपण मोकळे होऊ शकत नाही. कोल्हापूरला तर पाण्याच्या बाबतीत मोठा वारसा आहे. शाहू छत्रपतींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर राधानगरीचे धरण हाती घेतले, तेव्हा ते फळ आपल्या हयातीत पदरात पडणार नाही ह्याची त्यांना कल्पना नसेल असे वाटत नाही. विश्वस्त असा वागतो. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि ते विश्वस्तपद महाराजांकडून आपणा सर्वांकडे आले. रंकाळ्याला मिळणारे नाले कोणते, त्यांतून काय येते, कळंब्याच्या वरच्या अंगाला कात्यायनीच्या डोंगरावर दरवर्षी किती जमीन झाकली जाते, ह्याची वही आपल्यापैकी कोणाकडे आहे? कट्ट्यावर बसणारे हजारो आहेत. त्यांतल्या दहा जणांनी एका रविवारी कट्ट्याकडे पाठ फिरवून वरच्या अंगाला चालत जावे, आणि जे दिसेल ते तारीख घालून लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा जावे. त्या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे तळ्याविषयी कोणाला काय विचारावयाचे ते आपोआप कळेल.